एक पाणथळ, अनेक चोची

पाण्याकाठी उभा असलेला लांब पायांचा प्रत्येक पक्षी आपण बगळाच समजतो, आणि तो मासेच खातो असे गृहीत धरतो. ही समजूत कितपत खरी आहे हे पाहावे, म्हणून आम्ही हिवाळ्यातील एका सकाळी नाशिक जिल्ह्यातील नांदूर मध्यमेश्वर येथे गेलो. गोदावरी व कादवा ह्यांच्या संगमाजवळील बंधाऱ्यामुळे तेथे पाणी, गाळ व गवत ह्यांचा विस्तीर्ण प्रदेश झाला आहे. रामसर यादीत आलेले महाराष्ट्रातील हे पहिले पाणथळ होय. ही गोष्ट जानेवारी 2020 मध्ये जाहीर झाली.

प्रथम राखी बगळा घ्या. तो पाण्यात खांबासारखा निश्चल उभा राहतो, मान आखडून धरतो, आणि मासा टप्प्यात येताच ती भाल्यासारखी फेकतो. लहान बगळ्याची रीत निराळी. त्याचे पाय काळे, पण पंजे पिवळे असतात. पंजा गाळात थरथरवून तो दडलेले जीव उठवितो व टिपतो. ह्या दोघांची शिकार डोळ्यांची आहे.

चमचा पक्ष्याची शिकार स्पर्शाची आहे. आपली चपटी चोच किंचित उघडी ठेवून तो पाण्यात बुडवितो, आणि गवत कापणाऱ्याच्या विळ्याप्रमाणे ती डावीउजवीकडे फिरवीत चालतो. भक्ष्य लागताच चोच मिटते. म्हणून गढूळ पाण्यातही त्याचे अडत नाही.

उघड्या चोचीच्या करकोच्याची चोच मिटली तरी मध्ये फट राहते. तो अडकित्त्याप्रमाणे शंख फोडीत असावा असे पूर्वी समजत. वास्तविक तो चोचीचे टोक गोगलगाईच्या शंखात घालून आतला स्नायू तोडतो व मांस बाहेर ओढतो. शंख पुष्कळदा अखंडच राहतो.

शेकाट्या आपल्या लांब गुलाबी पायांवर उथळ पाण्यात हिंडून वरचेवर किडे टिपतो. पाणलावा मऊ चिखलात सरळ चोच खुपसतो, व तिचे टोक आतल्या आतच उघडून गांडूळ अथवा अळी धरतो.

ह्यावरून काय दिसते? पाणी एकच, परंतु ज्याची त्याची जागा व खाणे वेगळे. म्हणून इतके पक्षी एकत्र नांदतात. मात्र हा मेळ पाण्याच्या खोलीवर अवलंबून आहे. पाणी एकाएकी वीतभर चढले, तर आखूड पायांच्या पक्ष्यांस चरावयास जागा उरत नाही. चिखल वाळून कठीण झाला, तर पाणलाव्याची चोच त्यात शिरत नाही.

परतताना एका शेतकरीबंधूने आम्हांस विचारले, "ही चिखलाची कड फुकट पडली आहे; मुरूम टाकून बुजविली तर काय बिघडेल?" आम्ही त्यास म्हटले, "दादा, मधले खोल पाणी तुम्ही राखाल, पण ह्या मंडळीपैकी बहुतेकांचे ताट त्या कडेलाच वाढलेले आहे. ती बुजली की तळे भरलेले दिसेल आणि पक्षी उपाशी राहतील." तो पुष्कळ वेळ काठाकडे पाहत राहिला.

आपल्या गावीही तळे अथवा ओढा असेल. शिक्षकांनी मुलांस तेथे न्यावे, दुरून शांतपणे बसवावे, व प्रत्येक पक्ष्याविषयी तीन प्रश्न विचारावे: तो किती खोल पाण्यात उभा आहे? चोच कशी चालवितो? काय गिळतो? उत्तरे वहीत लिहिली म्हणजे गावाची कोणती कड राखली पाहिजे, हे मुलेच वडीलधाऱ्यांस सांगू शकतील.