गोल टोकांची अक्षरे

प्रश्न : दवाखान्याच्या पाटीसाठी पेंटरने गोल टोकांची अक्षरे सुचवली आहेत. ती बालवाडीलाच शोभतील ना?
– एक वाचक, सातारा

उत्तर : शंका स्वाभाविक असली, तरी ज्यातील 'ओ' जवळजवळ वर्तुळाकार, रेषा समान जाडीच्या आणि टोके अर्धगोल आहेत, तो 'व्हॅग राउंडेड' हा टंक १९७९ साली फोक्सवागन या मोटार कंपनीसाठी सिद्ध झाला व पुढे अनेक वर्षे अ‍ॅपलच्या कळफलकांवर वावरला, हे ध्यानी घेता तो केवळ बालसुलभ नव्हे, हे आपणांस पटेल. पाटी व मथळ्यास तो खुशाल योजावा. औषधचिठ्ठीच्या बारीक मजकुरास मात्र नको, कारण लहान आकारात 'सी' आणि 'ओ' यांची गल्लत संभवते. देवनागरीसाठी मुंबईच्या 'एक टाइप'चा 'बालू' पाहावा आणि नमुना रस्त्यापलीकडून वाचून मगच मंजुरी द्यावी.