टाके घालायची घाई

दिघीच्या मॅगझीन चौकात रोज पहाटे कंपनीच्या बसची वाट बघत उभा राहिलो की डाव्या पोटरीत ओढ बसते. एका एप्रिलमध्ये मगरीनं पाय धरला, त्याची ती खूण आहे. आमचं गाव सांगलीकडं कृष्णाकाठी, भिलवडीजवळ. चार दिवस रजा काढून उसाला पाणी द्यायला गेलो होतो. लाईट रात्रीची. मोटार पाणी उचलेना, म्हणून पहाटे फुटव्हॉल्वला अडकलेला पाला काढायला गुडघाभर पाण्यात उतरलो. आदले दोन दिवसही त्याच वेळी, त्याच जागी उतरलो होतो.

त्या पहाटे अचानक मगरीनं पाय ओढला. भावानं काठावरून काखेत हात घालून मला धरलं आणि मी दुसऱ्या पायानं लाथा झाडत राहिलो. एक लाथ मगरीच्या डोळ्याशी बसली असावी, पकड सुटली. मगर पाच-एक फुटांची होती म्हणून वाचलो. मोठी मगर पकडल्यावर स्वतःभोवती गिरकी घेते, त्यात हाड टिकत नाही.

पण पाय जायची वेळ आली ती नदीत नव्हे, नंतर. घरी जखमेत हळद भरली. गावाजवळच्या दवाखान्यात मीच हट्ट धरला, "टाके घालून टाका, परवा ड्युटी आहे." दातांची भोकं बोटाएवढीच दिसत होती. टाके घालून रात्रीच्या गाडीनं दिघीला आलो. तिसऱ्या दिवशी पोटरी दगडासारखी टणक झाली, ताप चढला, टाक्यांतून घाण वास येऊ लागला.

इथल्या सर्जननी सगळे टाके उसवले, थिएटरात नेऊन मेलेलं मांस काढलं. त्यांनी समजावलं ते मी प्रत्येकाला सांगतो. मगरीचे दात कापत नाहीत, चिरडतात. वर भोक लहान, आत स्नायूंचा चेंदा. तिच्या तोंडातले आणि नदीच्या पाण्यातले एरोमोनाससारखे जंतू खोल जातात. हवेशिवाय वाढणारेही त्यांत असतात. वरून घट्ट शिवलं की त्यांना हवं तेच मिळतं. म्हणून अशी जखम बहुधा काही दिवस उघडीच ठेवतात, रोज धुतात आणि स्वच्छ झाल्यावर शिवतात. उघडी जखम बघून घरच्यांना हयगय वाटते, पण उपचार तोच असतो.

तेव्हा कुणाला मगरीनं धरलंच, तर आधी पाण्यापासून लांब न्या. रक्त वाहत असेल तर स्वच्छ कापड जखमेवर जोरानं दाबून धरा आणि १०८ला फोन करा. रक्त थांबलं असेल तर साबण आणि भरपूर स्वच्छ पाण्यानं धुवा. हळद, चुना, तंबाखू काही भरू नका. भोकं लहान दिसली तरी सर्जन आणि एक्स-रे असलेल्या मोठ्या रुग्णालयातच न्या. हाड मोडलेलं किंवा दाताचा तुकडा आत राहिलेला असू शकतो. धनुर्वाताचं इंजेक्शन आणि प्रतिजैविकं लागतातच. मगरीमुळे रेबीज होत नाही, त्याची भीती नको. वनखात्याला १९२६वर कळवा, पंचनामा झाला तरच भरपाईचा अर्ज पुढं सरकतो.

मगरीला मारायच्या गोष्टी गावात निघतात. १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानं तिला संरक्षण आहे, आणि उन्हाळ्यात ती काठावरची अंडी राखत असते. सरकायचं आपणच. आता आम्ही फुटव्हॉल्वला दोर बांधलाय, तो काठावर ओढूनच साफ करतो. अंधारात पाण्याजवळ जात नाही, आणि रोज त्याच जागी उतरायची माझी चूक पुन्हा नको म्हणून धुण्याची जागाही बदलत राहतो.

दिघी-भोसरीत सांगलीकडची कितीतरी घरं आहेत. मे महिन्यात पोरांना घेऊन औदुंबर, अंकलखोप, डिग्रजकडं जाल, तेव्हा नदीत उतरवण्याआधी गावच्या नावाड्याला नाहीतर वनरक्षकाला विचारा, आणि ते नको म्हणाले तर पोरांना विहिरीवर पोहायला न्या.