वेळापत्रक काढून टाक

खांब, ता. रोहा
मृगाचा पहिला आठवडा

चि. बाय,


तुझ्या आईचा फोन आला होता. पहाटे सायकल, मग कॉलेज, रात्री नऊ ते साडेदहा वाचन असं वेळापत्रक तू भिंतीवर लावलंयस म्हणे. रात्री दुसऱ्या पानावरच तुझा डोळा लागतो, सकाळी स्वतःवर चिडतेस आणि आता ‘दोन्हींतलं एक सोडते’ म्हणायला लागली आहेस. बाय, सोडू काहीच नकोस. ते वेळापत्रक तेवढं काढून टाक.

पन्नास-साठ किलोमीटर मारून आलेल्या शरीराला झोप लागते, त्याला आळस म्हणत नाहीत. दमलेल्या पायांची डागडुजी झोपेतच होते. तिच्यातून तासभर कापून वाचायला बसलीस तर पुस्तकही डोक्यात शिरणार नाही आणि दुसऱ्या दिवशी चढावर पायही उठणार नाहीत. रोजच्या दिवसाचे दोन सारखे वाटे घालायचा हट्ट सोड. वाटणी करायचीच तर वर्षाची कर.

आपल्या भागात जुनी माणसं हेच करत आली. लावणी उरकली की श्रावणात देवळात नाहीतर कुणाच्या तरी ओटीवर पोथी लागायची. श्रीधरांचा ‘हरिविजय’ किंवा ‘पांडवप्रताप’, रोज थोडा थोडा. एकानं वाचायचं, दुसऱ्यानं अर्थ सांगायचा, बाकीच्यांनी हुंकार द्यायचा. कापणीच्या दिवसांत कुणी पोथी उघडत नसे आणि त्याची टोचणीही कुणाला लागत नसे. ज्या त्या कामाला त्याचा हंगाम होता.

तुझा वाचनाचा हंगाम आता सुरू झालाय. आता दसऱ्यापर्यंत आपल्याकडचे रस्ते शर्यतीच्या सरावाचे नाहीत. कडेला शेवाळ, मध्ये खड्डे, आणि पाणी भरलं की खड्डा किती खोल ते चाक आत गेल्यावरच कळतं. आठवड्यातून दोन-तीनदा, पाऊस उघडला की, पाय मोकळे होण्यापुरती सायकल काढ. परत आल्यावर चेन कोरडी पुसायची, जुन्या टूथब्रशनं कड्यांमधला चिखल काढायचा, कडीकडीवर तेलाचा थेंब सोडून वरचं जास्तीचं फडक्यानं टिपून घ्यायचं. एवढं झालं की सायकल भिंतीला लाव आणि जाडजूड पुस्तक उघड. एरवी ज्याला हात लावायचा धीर होत नाही, तेच. तीनशेव्या पानानंतर जी कादंबरी खुलते तिला सलग दिवस लागतात, आणि ते वर्षातून आत्ताच मिळतात. फक्त पुस्तकं भिंतीला टेकवून ठेवू नकोस, ओल धरतात.

क्लबातली मुलं ‘पुस्तकी सायकलवाली’ म्हणून चिडवतात, हेही कानावर आलं. त्यांना टिम क्राबेचं नाव सांग. हा डच लेखक बुद्धिबळातलाही तगडा खेळाडू. तिशीच्या आसपास तो हौशी शर्यतींत उतरला आणि १९७८ मध्ये त्यानं एक कादंबरी लिहिली. कादंबरीभर एकच शर्यत आहे, दक्षिण फ्रान्सच्या डोंगरातली. कोण मागं लपून वारा चुकवतोय, कोण दमलोय हे चेहऱ्यावर येऊ देत नाहीय, आपण आत्ता सुटावं की थांबावं, सगळं सायकलवर बसलेल्या माणसाच्या डोक्यातून. इंग्रजीत ‘द रायडर’ नावानं मिळते. या पावसाळ्यात ती वाचच. आणि आपल्याकडचे हवे असतील तर नाशिकचे महाजन बंधू आहेत. दोघेही डॉक्टर. व्यवसाय सांभाळून त्यांनी २०१५ मध्ये ‘रेस अक्रॉस अमेरिका’ ही किनाऱ्यापासून किनाऱ्यापर्यंतची, सुमारे ४,८०० किलोमीटरची शर्यत दोघांच्या गटात नऊ दिवसांच्या आत पुरी केली. डोक्याचं काम करणाऱ्यांचे पाय लुळे असतात, असं काही नाही.

दिवाळीनंतर उलटं कर. तेव्हा सायकल पुढं, वाचन मागं. कादंबरीला हात लावू नकोस. कविता, लहान लेख, आधी वाचून आवडलेलं काही, झोपण्यापूर्वी दोन पानं. तेवढं पुरे.

एका गोष्टीवर मात्र मी अडून बसणार आहे. सायकलवर कानात काही घालून पुस्तक ऐकायचं नाही. वाचन आणि सराव एकदम उरकतो, असं तू आईला सांगितलंस. २०११ मध्ये चौपदरीकरणाचं काम सुरू झालेल्या आपल्या मुंबई-गोवा महामार्गावर मागून येणारा ट्रेलर आधी कानांनाच कळतो. पेणहून वडखळ, नागोठणे, सुकेळी खिंड करत इथं यायचं तर एसटीनं ये. सरावाला खोपोलीकडचा रस्ता धर, नाहीतर इथं राहायला ये; कोलाडवरून सुतारवाडीमार्गे ताम्हिणीच्या दिशेला चढ हवे तेवढे आहेत.

कानात घालण्यापेक्षा काही पाठ कर. विनोबा तुझ्याच पेण तालुक्यातले, गागोद्यात १८९५ मध्ये जन्मलेले. भूदानासाठी १९५१ पासून तेरा वर्षं पायी देश हिंडले. कितीतरी संतवाङ्मय त्यांना मुखोद्गत होतं, त्याला झोळी लागत नव्हती. ज्ञानेश्वरीचा एखादा अध्याय घे आणि चढावर मनात म्हणून बघ. ओवी सावकाश पेडलला छान बसते, श्वासही तिच्या मापानं पडतो. मुंबई-पुणे शर्यतीत बोरघाट गाजवणाऱ्याला ‘घाटाचा राजा’ म्हणतात, तो किताब तुझ्या मनात आहे हे मला ठाऊक आहे. त्या चढावर लागणारा धीर असाही मिळतो.

आता माझा बेत ऐक. दिवाळीनंतर आपण भिलारला जाऊ, महाबळेश्वर-पाचगणीच्या मधलं ते पुस्तकांचं गाव. २०१७ पासून तिथं लोकांच्या घरांत पुस्तकं मांडलेली आहेत, कुणाच्याही ओसरीवर बसून वाचावीत. पोलादपूरपर्यंत सायकल माझ्या जीपच्या टपावर. तिथून आंबेनळी घाट तू चढायचास, महाबळेश्वरपर्यंत चाळीसेक किलोमीटर. मी ट्यूब, पंप आणि पोळीभाजी घेऊन मागून येतो. मामीही येते म्हणतेय. दोन दिवस मुक्काम करू, सायकल दाराशी राहील. कॉलेजच्या सुट्टीच्या तारखा कळव, म्हणजे भिलारला राहायचं आत्ताच ठरवून टाकतो.

घरी सर्वांना नमस्कार.

तुझा,
मामा