ताप उतरला, पुढे काय?

मेंदूच्या हिवतापातून मूल शुद्धीवर आलं आणि रक्तात जंतू दिसेनासे झाले, की घरच्यांच्याच काय, दवाखान्याच्याही लेखी आजार मिटतो. माझ्या मते तिथे मिटतो तो फक्त संसर्ग. हिवतापाचे फाल्सिपेरम जंतू शिरलेल्या तांबड्या पेशी मेंदूतल्या बारीक रक्तवाहिन्यांना आतून चिकटतात, रक्त तुंबतं, मेंदू सुजतो. औषध जंतू मारतं. तोवर झालेली इजा भरून काढणं त्याच्या हातात नाही. आफ्रिकेत ही इजा मोजली गेली आहे. मलावीतल्या ब्लँटायरचा अभ्यास २०१० साली प्रसिद्ध झाला. त्यात मेंदूच्या हिवतापातून वाचलेल्या १३२ मुलांपैकी १२ जणांना पुढे अपस्मार जडला. बेशुद्ध न होता इतर कारणांनी दाखल झालेल्या २६४ मुलांत एकालाही नाही. युगांडात कंपालाला आजारानंतर दोन वर्षांनी तपासलं, तेव्हा चारांतल्या एका मुलाची आकलनशक्ती कमी पडत होती, विशेषतः लक्ष टिकवण्याची.

हा दोष गरिबीचा, कुपोषणाचा, शाळेचा कशावरून नाही, असं कुणी विचारेल. शंका रास्त आहे. पण कंपालात तुलना त्याच वस्त्यांतल्या निरोगी मुलांशी केली होती आणि त्यांच्यात हे प्रमाण शेकडा आठच्या आसपास होतं. गरिबी दोन्हीकडे होतीच. दुसरा आक्षेप असा की, मूल हिंडतंय-फिरतंय, मग आईबापांना उगाच कशाला घाबरवायचं? साध्या हिवतापात खरंच घाबरू नये. मात्र बेशुद्धी आली असेल, तर झटके काही महिन्यांनीही सुरू होऊ शकतात, आणि दरवेळी हातपाय झाडतच येतात असं नाही. लिहिता लिहिता मूल थिजतं, नजर एकटक होते, हाकेला ओ देत नाही. थोड्या वेळाने काही घडलंच नाही असं पुन्हा लिहू लागतं. शाळेत याला टंगळमंगळ म्हणतात, वर धपाटाही मिळतो. ब्लँटायरमध्ये अपस्माराचा धोका जास्त दिसला तो ताप फार चढलेल्या आणि आजारातच झटके आलेल्या मुलांत; म्हणजे नजर कुणावर ठेवायची, हे आधीच कळू शकतं.

गडचिरोलीतही फाल्सिपेरम आहे. तेव्हा आजारात मूल बेशुद्ध झालं असेल, तर डिस्चार्ज कार्ड जपून ठेवा, गुरुजींना सांगून ठेवा, निदान दोन वर्षं वागण्या-बोलण्याकडे आणि अभ्यासाकडे लक्ष असू द्या, आणि पहिला झटका आला की ते कार्ड घेऊनच डॉक्टरांकडे जा.