दुसरी उडी

आपदा मित्रांच्या यादीत तुझं नाव लागलं, असं वहिनींनी फोनवर सांगितलं. आवाजात कौतुक होतं आणि काळजीही. बारा दिवसांचं प्रशिक्षण होईल, शेवटी पिशवीभर साहित्य हातात पडेल. पगार नाही, हे तुला ठाऊकच आहे. दोरीच्या गाठी, स्ट्रेचर, छाती दाबून श्वास परत आणणं हे सगळं तिथले लोक माझ्यापेक्षा चांगलं शिकवतील. मी कारखान्याच्या बंबावर बावीस वर्षं काढली. आपल्याकडं ऊस नाहीतर गंजी पेटली की पुष्कळदा नगरपालिकेच्या आधी कारखान्याचाच बंब पोचतो. त्या बावीस वर्षांतलं, वहीत कुणी लिहून देत नाही एवढंच सांगतो.

पोरी, आधी गोबरगॅसच्या खड्ड्याचं ऐक. एकजण साफ करायला उतरतो आणि आत मुकाट बसतो. त्याला काढायला भाऊ उतरतो, भावाला काढायला शेजारी. अशा तीन-तीन तिरड्या एका आळीतून निघालेल्या तू पेपरात वाचल्या असशील. पहिल्याला वायूनं मारलं, पुढच्या दोघांना मायेनं. तू तिथं पोचशील तेव्हा आई छाती बडवत असेल, चार जण 'अगं, उतर की' म्हणतील. उतरायचं नाही. झाकण असेल तर पूर्ण उघडायचं, लोकांना लांब करायचं, कुणाला विडी ओढू द्यायची नाही, 101 नाहीतर 112 ला फोन लावायचा आणि दोरी-गळ टाकून वरूनच जे होईल ते करायचं. जुन्या विहिरीत उतरताना आमचे म्हातारे कंदील सोडून बघायचे. विझला तर परत फिरायचे. गोबरगॅसला तो कंदील चुकूनही नेऊ नकोस, तो वायू पेट घेतो.

बुडणाऱ्याचंही तसंच. कृष्णाकाठची पोरं भोपळा बांधून पोहायला शिकलेली, म्हणून त्यांचा हात आधी उडी मारायलाच शिवशिवतो. बुडणारा माणूस तुझा जावई नसतो की पाय धुवून घेईल. तो गळ्याला मिठी मारतो. आधी काठी, मग लुगडं किंवा कासरा. जवळ काहीच नसलं तर तेलाचा पाच लिटरचा रिकामा कॅन घे. तळाला चार बोटं पाणी ठेव, म्हणजे वाऱ्यानं भरकटत नाही. बूच घट्ट लाव, मुठीला दोरी बांध आणि त्याच्या डोक्यापलीकडं फेकून हळूहळू ओढत आण. पाण्यात उतरणं सगळ्यात शेवटी, तेही कमरेला दोरी बांधून आणि दोरी धरायला दोन माणसं असतील तरच. आणि त्या साहित्यात गमबूट मिळाले तर ते चिखलाला ठेव. पुराच्या पाण्यात ते भरतात आणि पाय धरून खाली ओढतात.

पूर येताना मोबाइलवरचे व्हिडिओ बघत बसू नकोस, आयर्विन पुलाची फुटं विचारत जा. 40 ला इशारा, 45 ला धोका. 2019 ला पाणी 57 च्याही वर गेलं होतं. कोयनेतून विसर्ग वाढला तरी ते पाणी कराडच्या प्रीतिसंगमावरून सांगलीला यायला वेळ लागतो. तेवढाच वेळ तुझ्या हातात. त्या वेळात म्हाताऱ्यांच्या घरी जा आणि गेल्या गेल्या 'चला, निघा' म्हणू नकोस. आधी विचार, जनावरं कुठं हलवायची? गोठ्यात म्हैस असेपर्यंत शेतकरी उंबरा सोडत नाही. जनावरांची सोय लागली की माणसं आपोआप निघतात. हलवायला जमलंच नाही तर निदान दावी सोडायला लाव. बांधलेलं जनावर उभ्यानं बुडतं, सुटलेलं पोहत काठ तरी गाठतं.

आता ब्रह्मनाळ. कृष्णा-येरळेच्या संगमावरचं गाव. 8 ऑगस्ट 2019 ला चहूबाजूंनी पाणी होतं. नावेला झेपतील त्याहून जास्त माणसं बसली आणि नाव उलटली. बाया गेल्या, लेकरं गेली. त्या दिवसाबद्दल मी कुणाला बोल लावत नाही. पाणी पायाला लागल्यावर जो तो नाव धरणारच. म्हणूनच तुला सांगतो, नाव काठाला लागली की तुझी जागा नावेत नाही, काठावर. पाठ नावेकडं, तोंड गर्दीकडं. नावाड्याला आधीच विचारून ठेवायचं, किती माणसं आणि पुढची खेप किती वेळानं. मग मोठ्यानं मोजायचं, सगळ्यांना ऐकू जाईल असं. आकडा भरला की हात आडवा. 'नाही' म्हणू नकोस, 'पुढच्या खेपेला' म्हण आणि वेळ सांग. 'नाही' ऐकलं की माणूस ढकलतो, वेळ ऐकली की थांबतो. सरपंचाची आई असली तरी आकडा तोच. जॅकेट घातल्याशिवाय कुणाचाही पाय नावेत पडता कामा नये.

तू बाई आहेस हे तिथं फार कामाला येईल. रात्री अनोळखी गड्यांच्या हाताला धरून नावेत चढायला आपल्या बाया कचरतात. तू हात पुढं केलास तर चढतील. त्यांचं गाठोडं हिसकू नकोस. देव, कागद आणि औषधं एवढं राहू दे. ट्रंक मात्र घरी.

उसाच्या फडाचं थोडक्यात. पहिल्या आगीला मी वाऱ्याच्या तोंडाला उभा राहिलो आणि भुवया घालवून घरी आलो. तुझी काकू आठवडाभर हसत होती. वारा पाठीवर पाहिजे. फडात शिरायचं नाही. तार तुटली असेल तर वायरमननं लाईन बंद केल्याचं स्वतः कानानं ऐकल्याशिवाय पाण्याचा थेंब उडवायचा नाही. आगीला जाताना ओढणी घरी, अंगात सुती कपडा. नायलॉन वितळून कातडीला चिकटतं.

अजिंक्यताऱ्यावर, यवतेश्वराच्या डोंगरावर उन्हाळ्यात वणवा लागला की साताऱ्याची पोरं हिरव्या डहाळ्या घेऊन धावतात. गेलीस तर जळून काळ्या पडलेल्या बाजूनं जा, वरच्या अंगाला थांबू नकोस; आग चढाला माणसापेक्षा जोरात पळते. डहाळी धुणं आपटल्यासारखी उचलून हाणायची नाही, ठिणग्या उडतात. ती आगीवर टेकवून दाबायची आणि काळ्याकडं ओढायची.

गर्दीची भीती मात्र आगीपेक्षा जास्त ठेव. मांढरदेवीला 25 जानेवारी 2005 ला, पौष पौर्णिमेला, नारळाच्या पाण्यानं पायऱ्या निसरड्या झालेल्या, वाट चिंचोळी, त्यात दुकानं पेटली आणि सिलिंडर फुटले. तीनशेच्या आसपास माणसं गेली. बंब यायला वाटच उरत नाही, हे मी लहान आगींनाही बघितलंय. म्हणून पोचल्याबरोबर सगळ्यात जास्त आरडाओरडा करणारा गडी हेर आणि त्यालाच रस्ता मोकळा ठेवायच्या कामाला लाव. 'दादा, हे तुमच्याशिवाय कुणाला जमायचं नाही' असं म्हण. हटकून जमतं.

मयत सापडलं तर आधी तोंड झाक. फोटो नाही, नाव नाही. नाव पोलीस सांगतील. घरी आल्यावर आंघोळ करून थोडं तरी जेव, आणि झोप लागली नाही तर मला फोन कर, कितीही वाजू देत. मीही तसा जागाच असतो.

माझा जुना सुती कासरा वहिनींकडं पाठवलाय. पाण्याच्या कामाला घेऊ नकोस, भिजला की जड होतो. गाठींचा सराव करायला आहे. गाठ डोळे मिटून आली पाहिजे, अंधारात बॅटरी तोंडात धरलेली असते.