नाकारण्याची भाषा : काही इंग्रजी वाक्प्रचारांचे अर्थ व उगम

एखाद्याची मागणी फेटाळली गेली की मराठी माणूस 'वाटाण्याच्या अक्षता लावल्या' असे म्हणतो. नोकरीवरून काढून टाकले की 'नारळ दिला' म्हणतो. आणि मानगूट धरून कोणास बाहेर काढले, तर 'अर्धचंद्र दिला' असा सालंकृत प्रयोग करतो. मान धरताना अंगठा व तर्जनी यांच्यामध्ये जो आकार होतो, तो हा अर्धचंद्र. अक्षता, नारळ, चंद्र या तिन्ही मंगल वस्तू आहेत, हे विद्यार्थ्यांनी ध्यानात घ्यावे. नाकारण्याची कृती कटू असते. म्हणून भाषा तिच्यावर एखादे आवरण घालते. इंग्रजीत ही आवरणे कोणती आहेत आणि ती कोठून आली, याचा विचार या घटकात करावयाचा आहे.

प्रथम 'कोल्ड शोल्डर' हा प्रयोग घेऊ. थंड खांदा देणे म्हणजे एखाद्याशी जाणूनबुजून तुटकपणे वागणे, त्याची दखल न घेणे. याच्या उगमाची एक कथा फार लोकप्रिय आहे. नकोसा पाहुणा आला की यजमान त्यास ताजे, गरम जेवण न देता मेंढीच्या खांद्याचे शिळे, थंड मांस वाढत असे, अशी ती कथा. ऐकावयास ती चांगली वाटते. पण पुरावा तिच्या विरुद्ध आहे. या प्रयोगाची सर्वांत जुनी ज्ञात नोंद सर वॉल्टर स्कॉट यांच्या 'द अँटिक्वेरी' या १८१६ मधील कादंबरीत, स्कॉट्स बोलीतील एका संवादात आढळते. तेथे क्रियापद 'दाखवणे' असे आहे, 'वाढणे' असे नाही. आणि जेवणाचा प्रसंगही नाही. एक उमराव स्त्री नापसंती व्यक्त करते, एवढेच तेथे अभिप्रेत आहे. कादंबरीला जोडलेल्या शब्दार्थसूचीतही अलिप्त, थंडपणे वागणे असाच अर्थ दिला आहे. म्हणजे हा खांदा माणसाचाच आहे. आपल्याकडील 'पाठ फिरवणे' हा त्याचा अगदी जवळचा भाऊबंद होय.

शब्दाचा मूळ संदर्भ विसरला गेला की लोक त्याला पटेल असा नवा संदर्भ जोडतात. यास भाषाविज्ञानात लोकव्युत्पत्ती म्हणतात. अशी कथा खोटी ठरली तरी ती निरुपयोगी नसते, कारण पुढे तीच प्रयोगाचा अर्थ रंगवू लागते. परंतु उत्तरपत्रिकेत ती व्युत्पत्ती म्हणून लिहू नये.

'सेंड टू कॉव्हेंट्री' या प्रयोगाचे प्रकरण अधिक नाजूक आहे. एखाद्याला कॉव्हेंट्रीला पाठवणे म्हणजे सर्वांनी मिळून त्याच्याशी बोलणे बंद करणे. १६४० च्या दशकातील यादवी युद्धात कॉव्हेंट्री हे शहर पार्लमेंटच्या बाजूचे होते. बर्मिंगहॅमचे लोक राजपक्षाच्या लहान तुकड्यांना पकडून कॉव्हेंट्रीस पाठवीत, असे क्लॅरेंडन या समकालीन इतिहासकाराने लिहिले आहे. हा दुवा आकर्षक आहे. मात्र वाक्प्रचार म्हणून या शब्दांच्या नोंदी अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात, म्हणजे सुमारे सव्वाशे वर्षांनी सापडतात. एवढे मोठे अंतर असताना या पुराव्यास सूचक म्हणावे, निर्णायक म्हणू नये.

'ब्लॅकबॉल' या क्रियापदाबाबत असा पेच नाही. इंग्लंडमधील क्लबांत नव्या सभासदाविषयी गुप्त मतदान होई. पांढरी गोळी म्हणजे होकार, काळी म्हणजे नकार. पुष्कळ ठिकाणी एकच काळी गोळी उमेदवारास रोखावयास पुरे होत असे. मतपत्रिकेसाठी आज वापरात असलेला 'बॅलट' हा शब्दही लहान गोळीच्या इटालियन नावावरूनच आला आहे. 'ऑस्ट्रसाइज' हा शब्दही मतदानाचाच, पण फार जुना. इसवी सनपूर्व पाचव्या शतकात अथेन्सचे नागरिक मडक्याच्या खापरीवर नको असलेल्या पुढाऱ्याचे नाव कोरीत. किमान ६००० खापऱ्या जमल्या, तर त्याला १० वर्षे नगराबाहेर राहावे लागे. उत्खननात थेमिस्टोक्लीसचे नाव कोरलेल्या १९० खापऱ्या एका विहिरीत एकत्र मिळाल्या. त्यांवरील अक्षर मोजक्याच हातांचे आहे. प्रचाराची तयार पत्रके वाटण्याची पद्धत किती जुनी आहे, हे यावरून कळते.

आता 'बॉयकॉट'. १८८० मध्ये आयर्लंडच्या मेयो परगण्यात कॅप्टन चार्ल्स बॉयकॉट हा लॉर्ड अर्न या जमीनदाराचा कारभारी होता. पीक बुडाल्यामुळे कुळांनी खंडात सूट मागितली. ती पुरेशी मिळाली नाही. त्याच सप्टेंबरात पार्नेल यांनी एनिस येथील भाषणात, हुसकावलेल्या कुळाची जमीन घेणाऱ्याशी सर्व व्यवहार तोडावेत, असे सांगितले होते. तोच उपाय बॉयकॉटवर योजला गेला. मजूर निघून गेले, दुकानदार माल देईनात. अखेर बाहेरून पन्नासेक माणसे आणून, सैन्याच्या बंदोबस्तात पीक काढावे लागले, आणि त्यास पिकाच्या किमतीच्या कितीतरी पट खर्च आला. 'ऑस्ट्रसिझम' हा शब्द शेतकऱ्यांना कळणार नाही, म्हणून फादर ओमॅली या स्थानिक धर्मगुरूने 'बॉयकॉट' हे क्रियापद सुचवले, असे जेम्स रेडपाथ या अमेरिकन पत्रकाराने नोंदवले आहे. ग्रीक शब्द मागे पडला आणि एका कारभाऱ्याचे आडनाव फ्रेंच, जर्मन, रशियन भाषांतही गेले.

मराठीत यासाठी 'बहिष्कार' हा शब्द रूढ झाला. वंगभंगानंतरच्या चतुःसूत्रीत स्वदेशीच्या जोडीने तो आला, तेव्हा त्याची दिशा दुर्बलांकडून सत्तेकडे होती. पण याच शब्दाची दुसरी दिशा त्याहून जुनी आहे. डॉ. आंबेडकरांनी १९२४ मध्ये 'बहिष्कृत हितकारिणी सभा' स्थापली आणि १९२७ मध्ये 'बहिष्कृत भारत' सुरू केले, तेव्हा समाजाने ज्यांना बाहेर ठेवले त्यांचा निर्देश या शब्दाने झाला. जातपंचायतीने कुटुंब 'वाळीत टाकणे' ही क्रियाही याच दिशेची. तिच्या विरोधात महाराष्ट्राला २०१६ चा कायदा करावा लागला. इंग्रजी वृत्तांतात हिलाही 'सोशल बॉयकॉट' म्हणतात. कुळांनी कारभाऱ्याला नाकारणे आणि पंचांनी एका घराला नाकारणे यांना एकच शब्द लागला की बलवान कोण हे वाचकास दिसेनासे होते. माझ्या मते भाषांतर करताना सर्वांत अधिक दक्षता येथे घ्यावी.

स्वाध्याय : शाळेतील मुलांनी एका सवंगड्याला, कारखान्यातील कामगारांनी संपात न उतरलेल्या सहकाऱ्याला आणि एका गावाने एका कुटुंबाला 'कॉव्हेंट्रीला पाठवले', अशी तीन वाक्ये इंग्रजीत आहेत असे समजा. 'कट्टी करणे', 'अबोला धरणे', 'बहिष्कार घालणे' व 'वाळीत टाकणे' यांपैकी कोणता प्रयोग कोठे वापराल, ते कारणांसह लिहा. उरलेला प्रयोग तिन्ही ठिकाणी का बसत नाही, हेही स्पष्ट करा.