बुडबुड्यात काय असतं?

हैदराबादच्या अंबरपेठेत मराठी घरांतल्या मुलांची विज्ञानाची शिकवणी घेताना पाण्यानेच मला सर्वांत जास्त कामाला लावलं आहे. त्यातून हाती लागलेलं हे थोडंफार.

१. ‘परत पहिल्यासारखं होतं तो भौतिक बदल’ ही व्याख्या मुलांना पाठ असते, पण ती टिकत नाही. फुटलेली काच जुळत नाही, तरी काचच राहते. उलट विजेने पाण्यातून वेगळे केलेले हायड्रोजन आणि ऑक्सिजन इंधनघटात पुन्हा पाणी होतात, तरी तो बदल रासायनिकच. म्हणून मी एवढंच विचारायला लावतो: पदार्थ तोच राहिला का?

२. उकळत्या पाण्याच्या बुडबुड्यात काय असतं, या प्रश्नाला हुशार मुलंच हमखास अडकतात. “सर, हायड्रोजन आणि ऑक्सिजन!” सूत्र पाठ असण्याचा हा तोटा. न्यूझीलंडमध्ये ऑस्बोर्न आणि कॉसग्रोव्ह यांनी १९८३ साली हाच प्रश्न शाळकरी मुलांना विचारला, तेव्हा तिथेही कुणी हवा म्हणालं, कुणी उष्णता, कुणी हेच दोन वायू. पाणी तापू लागताच भांड्याच्या कडेला दिसतात ते बारीक बुडबुडे विरघळलेल्या हवेचे. नंतर खळखळतात ते वाफेचे, म्हणजे पाण्याचेच. शेगडीवर खरोखर हायड्रोजन सुटत असता तर अंबरपेठेत एक स्वयंपाकघर धड उरलं नसतं.

३. इथे आकडे मदतीला येतात. एक ग्रॅम बर्फ वितळायला ८० कॅलरी लागतात, एक ग्रॅम उकळत्या पाण्याची वाफ व्हायला ५४०. एवढी उष्णता पिऊनही तापमापी जागची हलत नाही, कारण ती रेणूंची एकमेकांवरची पकड सोडवण्यात खर्च होते. रेणूच फोडून दोन वायू वेगळे करायचे तर ग्रॅमला सुमारे ३,८०० कॅलरी मोजाव्या लागतात. (तापमापी ९८ अंशांच्या आसपासच थांबली तर तिला दोष देऊ नये. हैदराबाद समुद्रसपाटीपासून पाचशे मीटरहून उंच आहे.)

४. नळाच्या पाण्याऐवजी बोअरचं पाणी उकळलं की धडा गुंतागुंतीचा होतो, आणि मला तोच आवडतो. पातेल्याच्या तळाशी पांढरा थर धरतो. मुलं म्हणतात, मीठ उरलं. काही अंशी खरं आहे, पण त्या कडक खपल्यांची गोष्ट वेगळी. पाण्यात विरघळलेलं कॅल्शियम बायकार्बोनेट तापल्यावर फुटतं, कार्बन डायऑक्साइड उडून जातो आणि कॅल्शियम कार्बोनेट तळाला चिकटतं. त्यावर लिंबू पिळलं की फसफसतं. म्हणजे एकाच पातेल्यात, एकाच वेळी वर भौतिक बदल आणि खाली रासायनिक. गंमत अशी की बायकार्बोनेट फुटताना थोडं नवं पाणीही तयार होतं. गिझरच्या कॉइलवरचा थर हाच.

५. माठ आणि कूलर: मे महिन्यात दोन्ही छान चालतात, पावसाळ्यात दोन्ही रुसतात. हवा दमट असली की बाष्पीभवन मंदावतं. यात रसायन काही नाही.

६. मुसी नदीकाठच्या अंबरपेठच्या सांडपाणी केंद्राची क्षमता रोज ३३.९ कोटी लिटर आहे. तिथे जिवाणू घाण फोडतात, मिथेन निघतो. तो सगळा रासायनिक कारभार घाणीचा. ती वाहून आणणारं पाणी मात्र बहुतांशी जसंच्या तसं पुढे जातं. गटाराचं पाणी ‘वेगळं पाणी’ असतं, असं मुलांना ठामपणे वाटतं. ते तसं नसतं, हे समजावायला मला बुडबुड्यांपेक्षा जास्त वेळ लागतो.

७. पाणी खरोखर खर्ची पडताना पाहायचं तर गल्लीतल्या नव्या अपार्टमेंटचा स्लॅब पाहावा. लोक म्हणतात, सिमेंट वाळलं. वाळून ते घट्ट होत नाही. पाणी सिमेंटशी संयोग पावतं, नवे पदार्थ बनतात आणि ते पाणी स्लॅबमध्येच अडकून राहतं. म्हणून तर मेस्त्री वर आळी करून किमान आठवडाभर पाणी साठवून ठेवतो, आणि उन्हाळ्यात खांबांना ओली पोती गुंडाळतो.